दोन अँप म्हणजे स्टिरिओ नव्हे

इलेक्ट्रिक गिटारचा सिग्नल स्प्लिटरने (तो दोन वाटांत विभागणाऱ्या उपकरणाने) दोन अँपना (अँप्लिफायरना) दिला की स्टिरिओ, म्हणजे डावी-उजवीकडे पसरलेला आवाज, मिळतो, हा समज वादकांमध्ये वर्षानुवर्षे टिकून आहे आणि तो चुकीचा आहे. दोन सारख्या अँपमधून एकच सिग्नल वाजला, तर मध्यभागी बसलेल्या श्रोत्याला तो दोहोंच्या मधोमध, एकाच जागेवरून आल्यासारखा ऐकू येतो. आवाज वाढतो, पण रुंदावत नाही.

स्टिरिओ निर्माण होतो तो डाव्या-उजव्या बाजूंमधील फरकातून. १९७५ साली आलेल्या रोलँडच्या जेसी-१२० अँपमध्ये ६० वॅटचे दोन स्वतंत्र अँप आणि १२ इंची दोन स्पीकर आहेत. कोरस (एकच सूर अनेकांनी वाजवल्यासारखा भासवणारा परिणाम) लावला की एका स्पीकरमधून मूळ सूर येतो, दुसऱ्यातून किंचित हेलकावणारा सूर येतो आणि दोहोंचे मिश्रण खोलीतल्या हवेत होते. हे समोर उभे राहून एकदा तरी ऐकावेच.

म्हणून गिटारपासून अँपपर्यंतच्या पेडलांच्या (आवाज बदलणाऱ्या छोट्या यंत्रांच्या) साखळीत डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारे पेडल) आधी ठेवावे आणि स्टिरिओ कोरस, डिले (प्रतिध्वनी) किंवा रिव्हर्ब (घुमारा) शेवटी. त्यांच्यानंतर एखादे मोनो (एकाच वाहिनीचे) पेडल आले, तर सारी रुंदी तिथेच संपते. एका बाजूला सुमारे १५ मिलिसेकंद उशीर दिल्यानेही आवाज पसरतो, मात्र तो आधी पोहोचणाऱ्या बाजूकडे झुकतो, आणि सभागृहातील यंत्रणा मोनो असल्यास दोन्ही बाजू एकत्र होऊन तोच आवाज पोकळ लागतो.

सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार छेडून पाहावी: दोन्ही अँप एकत्र चालू करताच खर्ज नाहीसा झाला, तर एकाची पोलॅरिटी (सिग्नलची धन-ऋण दिशा) उलटी आहे.