यशवंत घाडगे यांचे स्मरण

यशवंत घाडगे (१६ नोव्हेंबर १९२१ – १० जुलै १९४४) : दुसऱ्या महायुद्धात इटलीत धारातीर्थी पडलेले व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिश सरकारच्या सर्वोच्च शौर्यपदकाचे मानकरी. मूळचे माणगाव तालुक्यातील पळसगावचे (जि. रायगड, तेव्हाचा कुलाबा). पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते नाईक या हुद्द्यावर होते. हीच पलटण पुढे छत्रीधारी झाली. त्यामुळे स्वतः घाडग्यांनी विमानातून कधी उडी घेतली नसली, तरी आजच्या पॅराट्रूपर जवानांच्या पूर्वजांत त्यांचे नाव घ्यावे लागते.

घटना इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातली. शत्रूच्या ठाण्यावर चढाई करताना घाडग्यांची तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीतले सगळे जवान मेले किंवा जखमी झाले. उभे राहिले ते एकटे घाडगे. सोबतीला कोणी उरले नाही हे ठाऊक असूनही ते सरळ मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकून त्यांनी गन आणि ती चालवणारा दोघांनाही गप्प केले, मग टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, आणखी एकाला टिपले. टॉमीगनमधल्या गोळ्या संपल्या. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती. तेव्हा त्यांनी टॉमीगन नळीकडून धरली आणि दस्त्याच्या घावांनी उरलेल्या दोघांना लोळवले. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला. वय अवघे बावीस.

त्यांची कबर वा समाधी कुठे आहे, हे ठाऊक नाही. इटलीच्या मोहिमेतल्या, ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणा नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे इटलीतील कॅसिनो या गावच्या स्मारकावर कोरली आहेत, त्यांत घाडग्यांचे नाव आहे. ज्या घरच्यांना राख-अस्थीही मिळाल्या नाहीत, त्यांच्यासाठी दगडावरचे नाव ही लहानसहान गोष्ट नव्हे. त्यात इटली पळसगावापासून किती लांब! आणि १० जुलै म्हणजे आपल्याकडे भातलावणीचे दिवस. घरोघरची माणसे गुडघाभर चिखलात वाकलेली असतात.

माणगावात तहसील कार्यालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. कोकणात सैनिकाची आठवण ठेवण्याची रीत त्याहून जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. त्यांवर मजकूर एवढाच : या गावातून इतके लोक युद्धावर गेले, त्यांपैकी इतके कामी आले. नावे नाहीत, नुसते आकडे. महाड तालुक्यातल्या आंबवड्याला लोक फौजी आंबवडे म्हणतात, ते याच परंपरेमुळे. तिथे फौजेत जाणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट आहे. अशा पाट्या पाहिल्यावर माणगावच्या पुतळ्याचे मोल अधिक कळते, कारण इथे आकड्याला चेहरा मिळाला आहे.

पलटणीचा पुढचा प्रवासही या स्मरणाचाच भाग मानायला हवा. महायुद्धानंतर ती छत्रीधारी झाली, १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात लढली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे २ पॅरा, बनली. बांगलादेश युद्धात ११ डिसेंबर १९७१ रोजी तिथल्या टांगाइलजवळ छत्रीने उतरून पुंगली पूल काबीज करणारे जवान याच २ पॅराचे. पाचच दिवसांनी ढाक्यात पाकिस्तानी फौजेची शरणागती झाली.

इटलीत पन्नास हजारांहून अधिक हिंदी सैनिक लढले, त्यांपैकी ५,७८२ परतले नाहीत. तिथे दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी सैनिकांना मिळाले. त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीचे दोघे : घाडगे आणि नामदेव जाधव. जाधव जिवंत परतले.

जुलै २०२३ मध्ये इटलीच्या पेरुजा प्रांतातील मोन्तोने या गावी घाडग्यांच्या नावाने स्मारक उभे राहिले. ते छायायंत्राच्या, म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणाऱ्या घड्याळाच्या रूपात आहे. त्यावरच्या लॅटिन वचनाचा अर्थ असा : आपण सारे एकाच सूर्याखाली.