लाइट बिल, ब्यूइक आणि ट्रॅक्टर: युरोपचा सामायिक कायदा कोणाच्या टेबलावर घडला

१९६२ साली इटलीने खासगी वीज कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं आणि एनेल ही सरकारी वीज कंपनी उभी राहिली. मिलानमधले फ्लामिनियो कोस्ता हे वकील अशाच एका जुन्या कंपनीचे भागधारक होते. त्यांनी एनेलचं लाइट बिल भरायचं नाकारलं. रक्कम दोन हजार लिऱ्यांच्याही आतली, म्हणजे वकिलाच्या दृष्टीने चिल्लर. पण राष्ट्रीयीकरणाचा कायदा १९५७ च्या रोम कराराशी, म्हणजे युरोपीय आर्थिक समुदाय (आजच्या युरोपीय संघाचं पूर्वरूप) उभा करणाऱ्या कराराशी, विसंगत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मिलानच्या अगदी खालच्या पायरीवरच्या कोर्टाने हा प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे पाठवला. १५ जुलै १९६४ ला निकाल आला. राष्ट्रीयीकरणाला धक्का लागला नाही, पण निकालातलं एक तत्त्व कायमचं टिकलं: सदस्य देशाचा नंतर केलेला कायदाही समुदायाच्या कायद्याला मागे सारू शकत नाही.

रोम करारात हे वाक्य शोधून सापडत नाही. ते न्यायाधीशांनी काढलं, आणि काढायची संधी मिळाली ती एका वकिलाच्या हट्टामुळे. कराराच्या कलम १७७ नुसार देशातलं कोर्ट युरोपीय न्यायालयाला प्रश्न विचारू शकत असे (आजचं कलम २६७), पण त्यासाठी मुद्दा उपस्थित करणारा वकील लागतो आणि फाइल पुढे पाठवायची तयारी असलेला न्यायाधीश लागतो. युरोपातल्या वकील परिषदांची संघटना १९६० मध्ये आणि युरोपीय कायद्याच्या राष्ट्रीय संघटनांचा महासंघ १९६१ मध्ये उभा राहिला, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. नवा कायदा जन्माला येत होता आणि तो वापरणारी मंडळी एकमेकांना ओळखू लागली होती.

हे झालं राज्य आणि नागरिक यांच्यातलं. म्युनिकच्या कारखानदाराने लीड्सच्या व्यापाऱ्याला यंत्र विकायचं ठरवलं तर दोघांमधला करार कोणत्या कायद्याने चालायचा? तिथे लक्झेंबर्गचं न्यायालय फारसं कामाचं नव्हतं. प्रत्येक देशाची दिवाणी संहिता वेगळी, आणि इंग्लंडकडे तर संहिताच नाही.

गंमत म्हणजे एके काळी असा सामायिक कायदा होता. बाराव्या शतकाच्या आसपास बोलोन्याला जस्टिनियनच्या रोमन संहितांचा अभ्यास नव्याने सुरू झाला. आपल्याकडे कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी विज्ञानेश्वर ‘मिताक्षरा’ लिहीत होते, साधारण तोच काळ. तिकडचे पंडितही मूळ ग्रंथाच्या समासात टीकाच लिहीत होते. त्या टीकांवर शिकलेले वकील लॅटिनमधून एकमेकांशी वाद घालू शकत. मग राष्ट्रराज्यं आली, फ्रान्सची संहिता १८०४ मध्ये, ऑस्ट्रियाची १८११ मध्ये, जर्मनीची १९०० पासून लागू, आणि प्रत्येक देशाचा वकील आपापल्या भाषेत बंद झाला. पोर्तुगालची १८६७ ची संहिता तर गोव्यापर्यंत आली. पोर्तुगालने स्वतः १९६६ मध्ये नवी संहिता केली, पण गोवा १९६१ मध्येच मुक्त झाल्यामुळे जुनीच इथे राहिली. त्यामुळे नवराबायकोच्या सामायिक मालमत्तेची पद्धत समजून घ्यायला पुण्याच्या वकिलाला युरोपला जावं लागत नाही, पत्रादेवीचा नाका ओलांडला तरी पुरतं.

सामायिक करार कायद्याची आधुनिक गोष्ट मात्र एका जेवणापासून सुरू झाली असं सांगतात. १९७४ मध्ये कोपनहेगनला एक परिसंवाद झाला. नंतरच्या जेवणात युरोपीय आयोगाच्या (समुदायाच्या कार्यकारी यंत्रणेच्या) एका अधिकाऱ्याने डॅनिश प्राध्यापक ओले लांडो यांच्याकडे विषय काढला: अमेरिकेत सर्व राज्यांसाठी एकच व्यापारी संहिता आहे, तशी आपल्याला हवी. लांडोंनी ते मनावर घेतलं. १९८२ पासून त्यांच्या अध्यक्षतेखाली एक मंडळ कामाला लागलं. नाव ‘युरोपीय करार कायदा आयोग’, पण सगळे म्हणत लांडो आयोग. नावात आयोग असला तरी कोणत्याही सरकारने तो नेमला नव्हता. सदस्य बहुतेक प्राध्यापक, कोणी आपल्या देशाचा प्रतिनिधी नाही, आणि त्यांच्या मसुद्याला कायद्याचं बळ तर अजिबात नाही.

आयोगाचं काम कसं चालायचं हे एका उदाहरणातून पाहू. कारखानदाराने लिहिलं, ‘यंत्र या भावाला देतो, उत्तराला महिनाअखेरपर्यंत मुदत.’ दहाव्या दिवशी त्याला जास्त भाव देणारं गिऱ्हाईक भेटलं. त्याने प्रस्ताव मागे घ्यायचा का? जर्मन वकील म्हणेल, छे, दिलेल्या मुदतीपर्यंत तो बांधील आहे. इंग्लिश वकील म्हणेल, का नाही घ्यायचा? समोरच्याने ती मुदत विकत थोडीच घेतली होती? मोबदल्याशिवाय दिलेल्या शब्दाला इंग्लिश कायद्यात वजन नाही. आपल्याकडच्या वकिलांना दुसरं उत्तर लगेच ओळखीचं वाटेल, कारण १८७२ च्या भारतीय करार कायद्यातलं कलम ५ त्याच घराण्यातलं आहे. लांडो आयोगाने इथे इंग्लिश नियम सोडला: मुदत दिली असेल तर प्रस्ताव मागे घेता येणार नाही, आणि करार व्हायला दोन्ही पक्षांचा इरादा आणि पुरेशी सहमती असली की झालं, मोबदल्याची अट नाही. प्रत्येक कलमाखाली स्पष्टीकरण, मग असं एखादं उदाहरण, मग कोणत्या देशात काय चालतं याच्या टिपा. १९९५ मध्ये पहिला भाग आला, शेवटचा २००३ मध्ये. एकवीस वर्षं! एखादा दिवाणी दावा एवढा चालला तर आपण कोर्टाला नावं ठेवतो.

ही मांडणी उसनी होती. अमेरिकेत १९२३ साली वकील, न्यायाधीश आणि प्राध्यापक यांनी मिळून ‘अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूट’ काढली होती. शेकडो निकालांत विखुरलेला कायदा कलमांत बांधायचा आणि तो सगळ्यांसमोर फाडून घ्यायचा, अशी तिची रीत. १९२६ च्या बैठकीतला एक प्रसंग कायद्याच्या वर्गांत अजून सांगतात. हार्वर्डचे सॅम्युएल विलिस्टन करारांचा मसुदा मांडत होते. एखाद्याच्या शब्दावर विसंबून दुसऱ्याने पाऊल उचललं तर मोबदला नसला तरी तो शब्द बांधील ठरू शकतो, असं त्यातलं एक कलम होतं. चर्चेत जॉनी नावाचा पुतण्या आला. त्याला ब्यूइक गाडी घ्यायची आहे, काका म्हणतो, मी हजार डॉलर देईन. फ्रेडरिक कूडर्ट या वकिलाने विचारलं: जॉनीने पाचशेचीच गाडी घेतली तर काका किती देणं लागतो? विलिस्टन म्हणाले, काकाच्या अपेक्षेप्रमाणे जॉनी वागला असेल तर पूर्ण हजार. कूडर्टना ते पटलं नाही. झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त का द्यायचं? त्या दिवशी जिंकले विलिस्टन. पण १९८१ च्या सुधारित आवृत्तीत, भरपाई न्यायाला लागेल तेवढ्यापुरती मर्यादित करता येईल, असं वाक्य घातलं गेलं. वकिलाने विचारलेला आडवा प्रश्न पन्नासहून अधिक वर्षांनी कलमात उतरला.

लांडोंच्या टेबलावर कूडर्टसारखी माणसं फार कमी होती. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली मेख तिथेच आहे.

प्राध्यापकांनी काही केलं नाही असं मुळीच नाही. १९९० च्या दशकात इटलीतल्या त्रेंतोला सुरू झालेल्या, युरोपीय देशांच्या कायद्यांतला सामायिक गाभा शोधणाऱ्या प्रकल्पाची पद्धत तर फार हुशारीची. कॉर्नेल विद्यापीठातल्या रुडॉल्फ श्लेझिंगर यांच्याकडून घेतलेली ही युक्ती अशी: ‘तुमच्याकडे सद्भावाचं (व्यवहारात प्रामाणिकपणे वागायचं) तत्त्व आहे का?’ असं विचारायचंच नाही, कारण जर्मन हो म्हणेल, इंग्लिश नाही म्हणेल आणि चर्चा तिथेच संपेल. त्याऐवजी घडलेली घटना सांगायची आणि तुमच्या कोर्टात काय निकाल लागेल ते विचारायचं. मग पुष्कळदा दिसायचं की दोघांची कारणं वेगळी, पण निकाल एकच.

१९९९ मध्ये जर्मनीतल्या ओस्नाब्रुकचे प्राध्यापक क्रिस्टियान फॉन बार यांनी याहून मोठा घाट घातला. नुसते करार कशाला, नुकसानभरपाई, विनाकारण झालेला लाभ, जंगम मालमत्ता, ट्रस्ट, सगळंच घ्या. युरोपीय संसद १९८९ पासून सामायिक संहितेची मागणी करतच होती, युरोपीय आयोगाने २००३ मध्ये ‘सामायिक संदर्भ चौकट’ असं सावध नाव शोधलं आणि पुढे पैसे दिले. २००९ मध्ये मसुदा बाहेर पडला: दहा पुस्तकं, टिपांसह सहा खंड, सहा हजारांहून अधिक पानं. इतकं करून तो मसुदाच राहिला. २००४ मध्येच काही प्राध्यापकांनी सामाजिक न्यायाच्या नावाने जाहीरनामा काढून विचारलं होतं, की कोणाला किती संरक्षण द्यायचं हा राजकीय प्रश्न असताना तो तांत्रिक म्हणून विद्वानांच्या हाती कसा दिलात? कायद्याचे अभ्यासक पिएर लग्रां यांनी तर त्याआधीच म्हटलं होतं, की इंग्लिश आणि युरोपीय भूमीवरचे वकील विचारच वेगळ्या पद्धतीने करतात, कलमं सारखी केल्याने ते एकत्र येणार नाहीत. लग्रां जरा टोकाला जातात. पण पहिल्या आक्षेपाला मसुदाकारांकडे सरळ उत्तर नव्हतं.

पुढची पायरी म्हणजे सामायिक युरोपीय विक्री कायदा. ११ ऑक्टोबर २०११ ला युरोपीय आयोगाने १८६ कलमांचा प्रस्ताव मांडला. सक्ती नाही, पक्षांनी निवडला तरच लागू. त्या काळी ‘निळ्या बटणा’ची कल्पना चर्चेत होती: ऑनलाइन दुकानात ग्राहकाने निळं बटण दाबलं की आपल्या देशाच्या कायद्याऐवजी युरोपचा कायदा. ग्राहक संघटना बिथरल्या. बटण ग्राहक दाबणार, पण ते दाबल्याशिवाय माल मिळणार नाही हे ठरवणार दुकानदार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम आणि ब्रिटन इथल्या संसदीय सभागृहांनी लेखी हरकती घेतल्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये युरोपीय संसदेने पाठिंबा दिला खरा, पण सदस्य सरकारांच्या पातळीवर गाडी अडली आणि त्याच डिसेंबरात आयोगाने प्रस्ताव मागे घेत असल्याचं जाहीर केलं. त्यातले काही तुकडे २०१९ च्या दोन निर्देशांमध्ये, डिजिटल सेवा आणि वस्तूंची विक्री या विषयांवर, वाचले.

याच धामधुमीत टेबल वाढवायचा विचार पक्का झाला. २०१० मध्ये फ्लोरेन्स आणि हॅम्बर्गला बैठका झाल्या. अमेरिकेसारखी संस्था युरोपात का नाही, हा जुनाच प्रश्न पुन्हा निघाला, आणि जून २०११ मध्ये पॅरिसला ‘युरोपियन लॉ इन्स्टिट्यूट’ स्थापन झाली. कचेरी व्हिएन्ना विद्यापीठात. पहिले अध्यक्ष सर फ्रान्सिस जेकब्स, लक्झेंबर्गच्या न्यायालयाचे माजी महाधिवक्ता (निकालाआधी न्यायालयाला स्वतंत्र मत देणारे). त्यानंतरच्या अध्यक्ष डायना वॉलिस, इंग्लिश वकील आणि युरोपीय संसदेच्या माजी उपाध्यक्ष. दोघंही निव्वळ प्राध्यापक नव्हते, हे लक्षात घेण्यासारखं. सदस्यांत न्यायाधीश, वकील, प्राध्यापक आणि नोटरी.

नोटरी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कोर्टाबाहेर छत्रीखाली शिक्का घेऊन बसलेले गृहस्थ येतात. फ्रान्स, इटली, जर्मनीतला नोटरी तो नव्हे. घराची विक्री, लग्नाआधीचे मालमत्तेचे करार, वारसा या व्यवहारांचे दस्त तो स्वतः लिहितो आणि त्या दस्ताला जवळजवळ निकालाइतकं वजन असतं. त्याचा दूरचा भाऊ बघायचा असेल तर गोव्यातल्या सब-रजिस्ट्रार कचेरीत डोकवावं, तिथला अधिकारी पदसिद्ध नोटरीही असतो. असा माणूस टेबलावर नसताना युरोपचा मालमत्ता कायदा सुधारायला बसणं म्हणजे तलाठ्याला न विचारता सातबारा दुरुस्त करण्यासारखं आहे.

प्रत्येक प्रकल्पाला रिपोर्टर असतात. हे बातमीदार नव्हेत, मसुद्याची जबाबदारी घेणारे. त्यांच्यावर सल्लागार समिती, मग इच्छुक सदस्यांचा गट, मग परिषद, शेवटी सर्व सदस्यांचं मतदान. ही वाट संथ आहे, पण कूडर्टने उभं राहून प्रश्न विचारावा यासाठीच ती आखली आहे.

त्याचं फळ सर्वांत नीट दिसतं ते दिवाणी प्रक्रियेच्या आदर्श नियमांत. देशोदेशींचा खासगी कायदा एकसारखा करू पाहणाऱ्या रोमच्या युनिड्रॉइ या १९२६ पासूनच्या संस्थेबरोबर २०१३ मध्ये काम सुरू झालं आणि २०२० मध्ये दोन्ही संस्थांनी २४५ नियमांना मान्यता दिली. सर्वांत जड गाठ पुराव्याची. इंग्लंडमध्ये आपल्या विरुद्ध जाणारा कागदही समोरच्याला दाखवावा लागतो. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर ११ तिथूनच आला. जर्मन वकिलाला हे म्हणजे स्वतःच्या अशिलाचा गळा कापण्यासारखं वाटतं. तोडगा असा निघाला: सरसकट कागद मागायचे नाहीत, पण कोणता पुरावा हवा हे नेमकं सांगून कोर्टाकडे अर्ज करता येईल, आणि किती द्यायचं हे दाव्याच्या मानाने न्यायाधीश ठरवेल. दोन्ही बाजूंचे वकील थोडे थोडे नाराज राहिले असणार.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, पण ही संस्था संघाचा भाग नसल्याने इंग्लिश सदस्य आत राहिले. अमेरिकन आणि युरोपीय संस्थांनी मिळून २०२१ मध्ये डेटाच्या अर्थव्यवहाराची तत्त्वं पुरी केली, तेव्हा प्रकल्पाच्या दोन प्रमुखांपैकी एक होते इंग्लंडचे माजी सरन्यायाधीश लॉर्ड थॉमस. तिथला ठळक प्रश्न शेतातला आहे. स्मार्ट ट्रॅक्टर नांगरता नांगरता मातीची माहिती गोळा करतो. ती ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीची, की जमीन कसणाऱ्याची? मालकी कोणाची हा वाद बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, ती माहिती तयार व्हायला कोणाचा किती हात लागला, आणि त्या बळावर कोण काय मागू शकतो. २०२३ मध्ये युरोपीय संघाने डेटा कायदा केला आणि सप्टेंबर २०२५ पासून तो लागू झाला. जोडलेलं यंत्र वापरणाऱ्याला त्यातून निघणारी माहिती मागायचा हक्क आता आहे. ती कोणाला, किती दराने द्यायची यावर वकिलांच्या नोटिसा निघायला वेळ लागणार नाही.