संगणकाच्या पोटातला संगणक

माझा भाचा कोथरूडला खोली घेऊन शिकतो. परवा रात्री त्याचा फोन आला, "मामा, माउस खिडकीत अडकलाय, बाहेरच येत नाही." व्हर्च्युअलबॉक्स या, संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो डेबियन ही लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टीम टाकून बघत होता. उजवं कंट्रोल दाबायला सांगितलं, माउस सुटला. डेबियन नाहीच आवडलं तर ते आतलं मशीन काढून टाकायचं, लॅपटॉपवरच्या विंडोजला धक्का लागत नाही.

आमच्या वेळी, म्हणजे २००० च्या आसपास, असं नव्हतं. सदाशिव पेठेतल्या घरी एकच संगणक आणि त्यात एकच हार्डडिस्क. तिच्यावर बाबांनी श्रीलिपीत टाइप केलेलं दोन वर्षांचं लिखाण होतं. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी लिनक्स टाकायला बसलो, पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, करताना चुकीचा पर्याय निवडला आणि सगळं पुसलं गेलं. बाबा मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जुने प्रिंटआउट शेजारी ठेवून ते पहिल्या पानापासून पुन्हा टाइप करायला लागले.

मला हळहळ याची वाटते की, यावरचा उपाय तेव्हाही जुनाच होता. अमेरिकेत केंब्रिजला आयबीएमच्या केंद्रात रॉबर्ट क्रीसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये सीपी-४० ही प्रणाली चालवून दाखवली होती. यंत्र महाग, वापरणारे अनेक. तेव्हा एकाच यंत्राची अशी वाटणी करायची की प्रत्येकाला अख्खं यंत्र आपलंच वाटावं. पुढे सीपी-६७ आली आणि ऑगस्ट १९७२ मध्ये व्हीएम/३७०. चालू काम न थांबवता, त्याच यंत्रावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम तपासून बघण्याची सोय तेव्हापासूनची आहे.

मग ती आमच्या टेबलापर्यंत का पोचली नाही? अडचण चिपमध्ये होती. पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये नियम मांडला: यंत्राच्या नाजूक भागाला हात घालणारी प्रत्येक सूचना, अधिकार नसताना चालवली तर अडली पाहिजे, म्हणजे वरचा पहारेकरी, यंत्राची वाटणी सांभाळणारा प्रोग्रॅम, ती हाताळू शकेल. इंटेलच्या एक्स८६ चिपमध्ये काही सूचना अडतच नसत. पॉपएफ ही सूचना घ्या. पाहुणी सिस्टीम, म्हणजे आतल्या मशीनमधली, तिच्यातून इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारे इशारे) बंद करायला सांगते. अधिकार नसल्यामुळे चिप तेवढा भाग गुपचूप सोडून देते. चूक दाखवत नाही, पहारेकऱ्याला कळवतही नाही. पाहुणी मात्र इंटरप्ट बंद झाले असं धरून पुढे जाते आणि कधीतरी कोलमडते.

यातून व्हीएमवेअरने वाट काढली. १९९९ मध्ये आलेल्या त्यांच्या वर्कस्टेशनमध्ये अशा धोक्याच्या सूचना चालवण्याआधीच वाचून बदलल्या जात. साध्या डेस्कटॉप संगणकावर, चालण्याजोग्या वेगात हे करून दाखवणं हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं काम वाटतं. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये चिपमध्येच सोय केली, तेव्हा हा खटाटोप बराच कमी झाला. २००७ च्या जानेवारीत व्हर्च्युअलबॉक्सचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, खुला झाला, फेब्रुवारीत केव्हीएम ही तशीच सोय थेट लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आली. विद्यार्थ्याला खर्चही उरला नाही.

चिपमधली ही सोय काही लॅपटॉपवर बायोसमधून, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमधून, बंद ठेवलेली असते. भाच्याची पहिली संध्याकाळ ती शोधण्यातच गेली. नंतर मी त्याला विचारलं, "स्नॅपशॉट घेतलास का?" नव्हता घेतला. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी मशीन जसं आहे तसं जपून ठेवणं. पुढे काहीही बिघडलं तरी तिथे परत येता येतं. फोन चालू ठेवूनच त्याने तो घेतला. मग पार्टिशनचा पडदा उघडला आणि मुद्दाम सगळं पुसून बघितलं.