लैंगिक छळाच्या चौकशीदरम्यान मिळणारी रजा : पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

कामाच्या ठिकाणी झालेल्या लैंगिक छळाची तक्रार केल्यानंतर त्याच व्यक्तीसमोर रोज काम करणे असह्य होते, म्हणून अनेक स्त्रिया स्वतःच्या आजारपणाच्या रजा संपवतात, मग बिनपगारी राहतात आणि अखेर राजीनामा देतात. कायद्याने ही वेळ त्यांच्यावर येऊ नये अशी सोय केलेली आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमातील कलम १२ नुसार, चौकशी चालू असताना तक्रारदार महिलेला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते आणि ही रजा तिच्या हक्काच्या इतर रजांव्यतिरिक्त असते.

कायम, कंत्राटी, रोजंदारीवरील किंवा प्रशिक्षणार्थी अशा कोणत्याही महिलेला ही मागणी करता येते. मात्र लेखी तक्रार दाखल होऊन चौकशी प्रलंबित असली पाहिजे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत तक्रार ‘अंतर्गत समिती’कडे (अशा तक्रारींच्या चौकशीसाठी आस्थापनेतच नेमलेली समिती) करावी. कर्मचारी दहापेक्षा कमी असल्यास किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असल्यास ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. घटनेपासून, आणि घटना अनेक असल्यास शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते. उशिराचे कारण पटल्यास समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. तक्रारीच्या सहा प्रती, उपलब्ध पुरावे (संदेश, ईमेल इत्यादी) आणि साक्षीदारांची नावे व पत्ते सोबत जोडावेत. ज्या महिलेला लिहिणे शक्य नाही, तिला तक्रार लिहून देण्यास साहाय्य करणे हे समितीचेच कर्तव्य आहे.

रजेचा अर्ज मनुष्यबळ विभागाकडे नव्हे, तर समितीकडे करायचा असतो, आणि तो तक्रारीसोबतच द्यावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण चौकशीची मुदत ९० दिवसांची आहे आणि सुरुवातीचे दिवसच सर्वांत कठीण जातात. कलमात वैद्यकीय प्रमाणपत्राची अट नाही. अर्जात तक्रारीची तारीख, रजेचा कालावधी आणि कामावर हजर राहणे का शक्य नाही याची कारणे सविस्तर लिहावीत. रजेची शिफारस करायची की नाही हे समिती ठरवते, त्यामुळे या कारणांना मोठे महत्त्व आहे. या कलमात पगाराचा स्पष्ट उल्लेख नाही. म्हणून ‘पूर्ण वेतनासह रजेची शिफारस करावी’ असे वाक्य अर्जात अवश्य घालावे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी मात्र ९० दिवसांपर्यंतच्या विशेष रजेची वेगळी तरतूद आहे. रजा नको असल्यास स्वतःची किंवा प्रतिवादीची (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची) बदली मागता येते, तसेच प्रतिवादीने आपल्या कामाचे मूल्यमापन करू नये अशीही मागणी करता येते.

अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. समितीने शिफारस केल्यावर ती अमलात आणणे आणि तसा अहवाल समितीला पाठवणे मालकावर बंधनकारक आहे. अधिनियमातील तरतुदींचे उल्लंघन करणाऱ्या मालकास ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.