संगिनीवरची खाच रक्तासाठी नसते

सोलापुरात कुणाच्या घरी जुनी संगीन निघाली की पात्यावरच्या लांब खाचेवर बोट ठेवून एक जण तरी सांगतोच, "ही रक्त वाहून जायला. खाच आहे म्हणजे अस्सल!"

दोन्ही चूक. खाचेमुळे पातं हलकं होतं आणि तरी ताठ राहतं. लोखंडी गर्डरचं असतं तेच गणित. ब्रिटिशांच्या १९०७ च्या नमुन्याचं पातं १७ इंची, त्याला खाच होती. दुसऱ्या महायुद्धात भारतात ते १२ इंचांवर आलं आणि पुढच्या काही नमुन्यांत खाचच गेली. अस्सलच आहेत की तीही!

बघायचं ते मुठीलगत, भिंगातून. १९०७ च्या संगिनीवर एका बाजूला मुकुट, १९०७ आणि बनवल्याचा महिना-वर्ष. दुसऱ्या बाजूला बाण आणि पातं वाकवून तपासल्याची फुली. अस्सल ठसा पोलादात ठोकलेला असतो. नकलेत तो बरेचदा उथळ, कोरल्यासारखा दिसतो. गंजावर मी फारसा विसंबत नाही, तो अॅसिडनेही चढवता येतो. आणि हो, तांब्याच्या भांड्यासारखी चिंच लावून घासू नका. ठसे झिजले की अस्सल संगीनही ओळखता येत नाही.