मार्मालेड: संत्र्याआधीची आणि नंतरची

मार्मालेड म्हटले की आपल्याला संत्र्याच्या सालींचे कडसर तुकडेच आठवतात. ही ओळख इंग्रजांनी करून दिली. शब्द मात्र पोर्तुगालचा. तिथे 'मार्मेलु' म्हणजे क्विन्स, नासपतीच्या जातकुळीतले पिवळे फळ; कच्चे खाल्ले तर तोंड ओढते. त्याचा गर साखरेत आटवून थापलेली, सुरीने कापायची वडी म्हणजे 'मार्मेलादा'. गोव्यातली पेरूची 'पेराद' त्याच घराण्यातली. १५२४ साली इंग्लंडच्या राजाला भेट आली ती मार्मालेडची पेटी होती, बरणी नव्हे. स्कॉटलंडची राणी मेरी आजारी पडली, त्यावरून फ्रेंचमधल्या 'मारी मालाद' (आजारी मेरी) या शब्दांतून हे नाव पडले, असे सांगतात. ती १५४२ साली जन्मली, त्यामुळे ही गोष्ट तिथेच संपते.

पुढे प्रत्येकाने शब्द आपापल्या परीने वापरला. इटलीची 'मार्मेलाता', स्पेनची 'मेर्मेलादा' आणि जर्मन 'मार्मेलाडं' म्हणजे बोलण्यात सरळ जॅम, मग फळ जर्दाळू असो की स्ट्रॉबेरी.

खरी गाठ बसली १९७९ साली. ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारात, म्हणजे आजच्या युरोपीय संघात, येऊन सहा वर्षे झाली होती. ब्रुसेल्सच्या नियमांनी ठरवले की मार्मालेड फक्त लिंबूवर्गीय फळांचेच. पुढच्या नियमांत प्रमाणही आहे: किलोमागे किमान २०० ग्रॅम फळ, त्यातला ७५ ग्रॅम आतला गर. बाकी सगळे जॅम. एका देशाची सवय सगळ्यांच्या लेबलांवर चिकटवली गेली, असे म्हटले तर चूक नाही. गंमत म्हणजे याच नियमांत गाजर 'फळ' ठरते, कारण पोर्तुगालमध्ये गाजराचा जॅम होतो. शब्दाच्या माहेराला गाजरापुरती सूट. ऑस्ट्रियाच्या आजीबाईंना मात्र जर्दाळूच्या बरणीवर 'मार्मेलाडं' लिहायची चोरी. तिकडे आरडाओरड झाली, तेव्हा २००४ साली ऑस्ट्रिया आणि जर्मनीला शेतकरी बाजार, आठवडी बाजार अशा स्थानिक विक्रीपुरती मुभा मिळाली. दुकानातल्या फळीवर बंदी कायम राहिली.

२०२४ साली नियम बदलले. आता एखाद्या देशाला वाटले तर तो आपल्या हद्दीत जॅमलाही मार्मालेड म्हणू देऊ शकतो. संत्र्याच्या बरणीवर 'लिंबूवर्गीय मार्मालेड' किंवा फळाचे नाव घालून 'संत्र्याचे मार्मालेड' असे लिहावे लागते. अंमल जून २०२६पासून. ज्यांच्या सवयीपायी हा घोळ झाला, ते ब्रिटन २०२० सालीच संघातून बाहेर पडले होते.