हिराकस कागदही खातो, कापडही

1734च्या सुमारास बोल्यू नावाचा एक फ्रेंच नौदल अधिकारी पाँडिचेरीत होता. पॅरिसचे रसायनशास्त्रज्ञ द्यू फे यांनी त्याच्यावर काम सोपवलं होतं: तिथले कारागीर सुती कापडावर धुऊनही न जाणारे रंग कसे चढवतात, ते पाहून लिहून काढायचं. फ्रान्समध्ये 1686 ते 1759 या काळात असं कापड आणायला आणि बनवायलाही बंदी होती. बोल्यूनं नुसतं लिहिलं नाही, तर एकेक टप्पा झाला की कापडाचा तुकडा कापून हस्तलिखिताला जोडला. हेरगिरीच ही, पण किती शिस्तीची! ते हस्तलिखित आज पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्ग इतिहास संग्रहालयाच्या ग्रंथालयात आहे.

असे दस्तऐवज जपणं अवघड का, ते काळ्या रंगात कळतं. कारागीर कापड आधी हिरड्याच्या रसात आणि म्हशीच्या दुधात भिजवत, मग त्यावर लोखंडाचं आंबवलेलं पाणी फिरवत. हिरड्यातलं टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा रंग धरतो. त्या काळी युरोपात लिहायची नेहमीची शाई टॅनिन असलेलं मायफळ आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, यांची. म्हणजे रसायन तेच, आणि दुखणंही तेच. मोकळं लोह हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीनं कागद आणि सूत ज्याचे बनतात त्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडतं, शाईतलं आम्ल त्यात भर घालतं. म्हणून जुन्या छिटांवर तुरटीच्या जोरावर धरलेली लाल फुलं शाबूत दिसतात, त्यांच्या काळ्या कडा मात्र झडलेल्या असतात. कागदावरही अक्षरांच्या जागी भोकं पडतात.

कागदासाठी उपाय आहे. कॅल्शियम फायटेटच्या पाण्यात बुडवला की मोकळं लोह जखडलं जातं. दुसऱ्या द्रावणानं आम्ल मारतात. पण नमुने चिकटवलेलं पान पाण्यात घालायचं कसं? गोंद सुटेल, रंग पसरतील. फ्रेंच कारखान्यांच्या नमुनावह्यांत तर रेशीम आणि लोकरही असते. कागदाला किंचित अल्कली मानवते, या तंतूंना ती सोसत नाही. एकाच पानावर दोन पथ्यं! म्हणून बरेचदा औषधापेक्षा सांभाळणंच बरं: सुमारे 50 लक्स प्रकाश, स्थिर आर्द्रता, पानांमध्ये निर्धोक कागद आणि फुगलेल्या वहीला आधार देणारी पेटी.

मग स्कॅन करून मूळ प्रत कायमची कुलपात का ठेवत नाहीत? कारण फोटोला लाल रंग फक्त लाल दिसतो. धाग्यातला रंग विरघळवून त्याचे घटक वेगळे केले, तर युरोपातल्या मंजिष्ठेत ॲलिझरिन या लाल रंगद्रव्यासोबत परप्युरिन हे दुसरं रंगद्रव्य सापडतं. कोरोमंडल किनाऱ्यावर लाल रंगासाठी वापरल्या जाणाऱ्या चायमुळीत परप्युरिन जवळजवळ नसतं. कापड खरंच भारतातून आलं, की फ्रान्समध्ये त्याची नक्कल झाली, याचा मोठा पुरावा तिथे मिळतो. त्यासाठी काही मिलिमीटर धागा खर्ची पडतो, आणि तो कुठल्या कडेतून काढायचा यावर संशोधक आणि जतनतज्ज्ञ यांची चांगलीच घासाघीस चालते.